वडिलांची मोटार, तिचा चार्जिंगचा दिवा आणि वारस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, विद्युत अभियांत्रिकीची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात आणि स्वतःच्याच मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यातील शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केल्या असल्याने याहून अधिक पुराव्याची गरज भासू नये. वकिलांचा छापील मसुदा वापरलेला नाही. त्यात एकच वाक्य दीड पान चालते आणि तरीही काही सांगत नाही.

कलम १. राहते घर, मागील अंगणासह, माझ्या एकुलत्या एका कन्येस मिळावे. ती दंतवैद्य आहे. दिवाणखान्याची भिंत पाडायचा तिचा जुना बेत मला ठाऊक आहे. खुशाल पाडावी; पण आतील तारांचा नकाशा कपाटात आहे, तो आधी पाहावा.

कलम २. बँकेतील ठेवी निम्म्या कन्येस आणि निम्म्या माझ्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेस, तेथील सैल प्लग बदलण्याच्या अटीवर. माझ्या नावाची पाटी लावू नये. लावलीच तर सरळ लावावी.

कलम ३. अॅल्युमिनियमची शिडी शेजारच्या गृहस्थांस. ती कित्येक वर्षे त्यांच्याकडेच आहे. आता निदान मागायचा त्रास वाचला. लाभार्थी ठरल्यामुळे त्यांना या दस्तऐवजावर साक्षीदार म्हणून सही करता येणार नाही, हे त्यांना कळवले आहे. ते हिरमुसले.

कलम ४. आमच्या वडिलांची जुनी मोटार. वाद होण्यासारखे या कागदात एवढेच आहे. हक्कदार दोन: विमा कंपनीतून निवृत्त झालेला माझा धाकटा भाऊ, आणि माझी कन्या. भावाचे म्हणणे असे की, वडिलांनी स्टिअरिंग प्रथम त्याच्या हाती दिले. ते खरे आहे. मी थोरली असून मला मागच्या सीटवर बसवले, हेही खरे आहे, आणि मी ते विसरलेले नाही. कन्या काहीच म्हणत नाही. सुट्टीला येते आणि गाडी पुसते. गाडी विकून पैसे वाटावेत, असे वकिलांनी सुचवले, तेव्हा त्यांना चहा अर्धा टाकून निघावे लागले.

भावाची दुरुस्तीची रीत अशी: आधी बॅटरी बदलायची, मग पट्टा, मग अल्टरनेटर, आणि शेवटी मेकॅनिक. मोजायचे मात्र काहीच नाही. म्हणून मी परीक्षा योजली. स्टिअरिंगसमोरच्या बोर्डावरील चार्जिंगच्या लाल दिव्याचा बल्ब काढून ठेवला. या गाडीत तो दिवा नुसता इशारा देण्यापुरता नाही. चावी फिरवली की त्याच्यातून जाणारा किंचित प्रवाह अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, जागे करतो. बल्ब नसेल तर धडधाकट अल्टरनेटरही नुसता गरगरत राहतो आणि बॅटरी उपाशी राहते. दोघांना रविवारी सकाळी गॅरेजमध्ये बोलावले. जो दोष शोधेल, त्याची गाडी.

भाऊ काखेत खोके घेऊनच आला.

"ताई, नवा अल्टरनेटर आणलाय. भानगडच नको."

"आधी मोजशील का?"

"मोजायचं काय त्यात? हा मेला, तो बसवू."

असे म्हणून तो स्टुलावर बसला आणि बिस्किटांचा पुडा फोडला. मनातल्या मनात मी त्याला नापास केले.

कन्येने मल्टिमीटर मागून घेतला. इंजिन बंद असो वा चालू, बॅटरीचे व्होल्टेज तेवढेच. पट्टा घट्ट होता, जाड तार ठीक होती. मग इंजिन बंद करून तिने नुसती चावी फिरवली आणि अल्टरनेटरच्या बारीक तारेवर मल्टिमीटरचे टोक टेकवले. शून्य.

"पोरी, उगाच दमतेस," भाऊ म्हणाला. "बोर्डावर लाल दिवा लागलाय का? नाही ना? म्हणजे वायरिंग ठणठणीत!"

"अहो मामा, इंजिन बंद आहे आणि चावी चालू आहे. आत्ता तर तो लागायलाच हवा." ती थबकली. मग बोर्डामागे हात घालून चाचपडली. "आई! इथला दात कोणी काढलाय?"

"हरलो बुवा! गाडी हिची," भाऊ म्हणाला, आणि हरलेल्या माणसाला न शोभणाऱ्या उत्साहाने चहासाठी आत गेला.

कलम ५. खोके गॅरेजमध्येच राहिले. दुकानदाराला परत करता यावे म्हणून मी ते उघडले. आत अल्टरनेटर नव्हता. वजनासाठी एक हातोडा होता, थोड्या चिंध्या होत्या, आणि कापसात गुंडाळलेला एक छोटा बल्ब होता: चार्जिंगच्या दिव्याचा, अचूक वॅटचा. तेव्हा मला आठवले की, बल्ब काढल्यावर, परीक्षेच्या आदल्या दिवशी, फाटकात उभी असलेली हीच मोटार त्याने मागे घेतली होती. चावी फिरवताक्षणी त्याला उमगले असणार. भाची अडलीच असती, तर बल्ब हळूच पुढे सरकवायची त्याची तयारी होती.

इतकी वर्षे ज्या गाडीसाठी तो माझ्याशी भांडला, ती त्याने बिस्किटे खात सोडून दिली. अभिनयही बरा केला. फक्त बिस्किटे जास्त झाली.

सबब, मोटार कन्येचीच. निकाल फिरवणार नाही. तसे केल्यास त्याची मेहनत वाया जाईल. मात्र दर रविवारी स्टिअरिंग भावाच्या हाती द्यावे, आणि हा हक्क त्याच्या हयातभर राहील. माझा मल्टिमीटर, ज्याला मी त्याला कधी हात लावू दिला नाही, तोही त्यालाच द्यावा. मी काढलेला मूळ बल्ब टेबलाच्या खणात आहे. होल्डरमध्ये आता त्याने आणलेला बसवला आहे. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झाले की विझतो. मी तपासले आहे.

हे कलम माझ्या हयातीत त्याच्या कानावर जाऊ देऊ नये. शेफारेल.

दोघे फिरायला निघतील तेव्हा मागच्या सीटवर सामान ठेवू नये. ती जागा माझी आहे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला असून त्यात खाडाखोड नाही.

ठिकाण: घरचे गॅरेज
दिनांक: दोन मार्च दोन हजार पंचवीस, रविवार

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार, दोघांनी माझ्यादेखत सही केली:
(सही) दाखला देणारे डॉक्टर
(सही) कोपऱ्यावरचे औषधविक्रेते, ज्यांनी कलम ५ वाचून चष्मा पुसला आणि धुळीला दोष दिला. गॅरेजमध्ये धूळ नाही.