हरलेल्याच्या दारावरचा झेंडा

हॅलोवे, अलाबामा
रविवार, १ डिसेंबर १९९६

झेल्मा,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं होतं, पण शाई वाया घालवावीशी वाटली नाही. तुम्ही दोघं मजेत असणार, कालपासून तर जास्तच. इकडे थंडी पडली आहे, अंगणातलं पीकॅनचं झाड झडून उघडं झालंय, मांजर पुन्हा व्यायली. झालं कुशल सांगून.

काल संध्याकाळी आमचा फोन तीनदा वाजला. तूच होतीस. एकदा उचलला नाही तरी पुन्हा वाजवत राहण्याचा निर्लज्जपणा आपल्या घराण्यात फक्त तुझ्याकडे आहे. सप्टेंबरमध्ये हॉस्पिटलच्या दारात मी सांगितलं होतं की तुझ्याशी आणि तुझ्या त्या न्हावी नवऱ्याशी जन्मात बोलणार नाही. ते तसंच आहे. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे.

आता आपल्या दोन्ही गावांच्या कॉलेजांच्या कालच्या फुटबॉल मॅचबद्दल. हे तुझ्या बफर्डला मोठ्याने वाचून दाखव: ही मॅच तुमच्या डेन्बीने जिंकलेली नाही. आमच्या कोचने ती उचलून तुमच्या ताटात वाढली.

मिनिटसुद्धा उरलं नव्हतं. चोवीस-वीस, आम्ही पुढे, चेंडू आमच्याकडे. आमच्या पोराने चेंडू घ्यायचा, पोटाशी धरायचा, गुडघा टेकून खेळ तिथेच थांबवायचा आणि घड्याळ संपेपर्यंत गवत बघत बसायचं. बस. माझ्या मांजरीलाही जमलं असतं. पण कोचसाहेबांना नुसतं जिंकणं पुरेना, अजून एकदा घुसून तुमचं नाक मातीत घासायचं होतं! चेंडू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देताना पडला, गवतावर उड्या मारत गेला, आणि तुमच्या त्या लांबड्या ढांगांच्या पोराने तो उचलून अख्खं मैदान पार केलं. आमचे अकराच्या अकरा मागे पालथे. चोवीस-सत्तावीस. शेजारचा पर्व्हिस म्हणतो, "ओलेटा, तो कोच जेवताना घास कानात घालत असणार." मी म्हणते, त्याला गाडीत घालून गावाबाहेर सोडून यावं, आणि त्याची शिट्टी काढून घ्यावी, म्हणजे कोणाला हाक मारता येणार नाही. तीस वर्षं मी त्या कॉलेजच्या जेवणघरात पोरांना वाढलं. त्यातलं सगळ्यात मठ्ठ पोरगंसुद्धा असं वागलं नसतं.

मेला. त्याला शिव्या घालताना पेनाचं टोक मोडलं, अक्षरावर हसू नकोस.

माझा लॅमर बरा आहे. म्हणजे आहे तसा आहे. त्याचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी लावलाय. समोर टीव्ही, टीव्हीच्या वर खिळ्याला आमचा जांभळा झेंडा. खाणं नावापुरतं. मिसेस टॉल्बर्ट म्हणून नर्स आहे, ती सकाळ-संध्याकाळ येते आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवते. मला ते आवडत नाही.

तुला रीत आठवत असेलच, नाहीतर आठवण करून देते. हरलेल्या घराने जिंकणाऱ्यांचा झेंडा आपल्या दारावर लावायचा, तो नाताळपर्यंत. जिंकणाऱ्यांनी पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर बघायला यायचं. हरलेल्या घरच्या पुरुषाने पायरीवर टोपी काढून जिंकणाऱ्यांच्या कॉलेजचं गाणं म्हणायचं आणि बाईने केळ्याचं पुडिंग वाढायचं. तू डेन्बीच्या माणसाशी लग्न करून पिवळी झालीस तेव्हापासून हे चाललंय. गेली सात वर्षं ओळीने आमच्या दारावर तुमचं ते पिवळं फडकं आहे. सात वर्षं लॅमर पायरीवर उभा राहून तुमचं गाणं गातोय, सात वर्षं बफर्ड माझ्याकडे पुडिंग दुसऱ्यांदा मागतोय आणि मी वाढतेय. कधी कुरकुर केली नाही. तोंडाने तरी नाही.

पण सप्टेंबरमध्ये तो जे बोलला ते कुठल्याच रितीत बसत नाही. डॉक्टर नुकतेच किती थोडे दिवस उरलेत ते सांगून गेले होते. मी भिंतीला टेकून उभी होते. आणि तुझा नवरा पलंगाच्या दांडीवर हात आपटून म्हणतो, "लॅमर, घाबरतोस काय! हॅलोवे जिंकेपर्यंत दम धर, म्हणजे अमरच होशील!"

तू हसलीस. लॅमर तर पोट धरून हसला. त्याला बफर्ड पहिल्यापासून आवडतो, हा त्याचा एकच दोष. मी तुम्हाला दोघांना बाहेर काढलं. कोट घालायलाही थांबू दिलं नाही, त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. कारण मी लॅमरला ओळखते. त्या दिवसापासून तो खरोखर दम धरून बसला होता. ऑक्टोबर काढला. थँक्सगिव्हिंगचा सणही काढला. डॉक्टर चकित झाले. मी नाही झाले.

आता ते लिहिते. मघापासून दोनदा कॉफी केली, मांजरीला दूध घातलं, तरी ते टळत नाही.

काल चोवीस-वीस असताना त्याला झापड आली. औषधच तसं आहे. ते शेवटचं मिनिट त्याने पाहिलं नाही, मी पाहिलं. आवाज फुटू नये म्हणून उशीत तोंड खुपसलं, मग टीव्ही बंद केला. त्याने डोळे उघडले.

"संपली?"

"संपली."

"मग?"

"जिंकलो."

"ओलेटा, खरं सांग."

"चोवीस-वीस. तुझ्या डोळ्यांसमोर तर होतं!"

ठरवलं नव्हतं गं. तोंडातून निघून गेलं. तो "हा!" असा ओरडला की मांजर पलंगाखाली पळाली. मग झेंड्याकडे बघत म्हणाला, "येत्या रविवारी बफर्डच्या दारात जायचं. त्याला गाताना ऐकायचंय मला."

मी काही मागते आहे असं समजू नकोस. सांगते आहे.

येत्या रविवारी तुमच्या दारावर जांभळा झेंडा पाहिजे. तुझ्याकडचा ट्रंकेत तळाशी असेल. उंदरांनी सोडला असेल तर धुऊन इस्त्री कर. माझा पाठवता येत नाही, खिळा रिकामा दिसला तर तो विचारेल. बफर्डने पायरीवर टोपी काढून गायचं. गल्लीतल्या लोकांना तोंडं बंद ठेवायला सांग, काय वाटेल ते कारण सांग. जिंकलेल्या माणसाने हरलेल्यासारखं उभं राहायचं आणि तेही भर डेन्बीत, याचा अर्थ मला कळतो. दुकानातली गिऱ्हाइकं त्याला वर्षभर सोलून काढतील. सोलू देत.

फोनवर सांगितलं नाही, कारण फोन त्याच्या उशाशी आहे आणि कान अजून तिखट आहेत. पर्व्हिस आमचा पेपर परस्पर उचलून नेतो. मिसेस टॉल्बर्ट आज जांभळी फीत लावून आली. पाद्रीसाहेबांनी येऊन "अभिनंदन" म्हटलं आणि जाताना माझ्याकडे बघितलं नाही. अख्खी गल्ली माझ्यासाठी खोटं बोलते आहे.

आणि एक. हे काल सुचलं नाही, आज चर्चमध्ये बसले असताना सुचलं. तो जिंकेपर्यंत दम धरून होता. मी त्याला सांगून बसले, जिंकलो. आता तो कशासाठी धरेल? मी हे काय केलं, झेल्मा?

उत्तर पाठवू नकोस. झेंडा दिसला की समजेन. नाही दिसला तरी समजेन.

एकाच आईच्या पोटी जन्मले म्हणून लिहावं लागणारी,
ओलेटा

*

हॅलोवे
रविवार, १५ डिसेंबर १९९६

झेल्मा,

काल दफन झाल्यावर तू माझ्याशी काही न बोलता निघून गेलीस. बरं केलंस. बोलली असतीस तर मी काहीतरी वाकडं बोलले असते, आणि लॅमरला ते ऐकू गेलं असतं असं मला उगीच वाटत होतं.

त्या रविवारचं आपल्यात बोलणंच झालं नाही. तेव्हा आधी तक्रारी. झेंड्याला इस्त्री नव्हती. पुडिंग पातळ होतं, केळी काळी पडलेली. आणि तुमच्या रस्त्यावर एवढे खड्डे आहेत की प्रत्येक धक्क्याला मी तुमच्या महापौराला शिव्या घातल्या.

तुला पायरीवरून गाडीच्या आतलं दिसलं नसेल, ते सांगते. वळणावरून तुमचं घर दिसेपर्यंत मी श्वास धरून होते. समोरच्या प्रत्येक दारावर पिवळं, पिवळं, पिवळं. लॅमर म्हणाला, "काय गं हे? हरले तरी मिरवताहेत!" मी म्हटलं, "लाजच नाही मेल्यांना." आणि मग तुमचा व्हरांडा दिसला. सुरकुतलेला, एका कोपऱ्याला कुरतडलेला, पण जांभळा. लॅमरने खिडकीची काच खाली करायला लावली. थंडी होती, मी नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही.

बफर्ड टोपी काढून उभा होता. त्याचं टक्कल एवढं वाढलंय हे मला माहीत नव्हतं. त्याने पहिलं कडवं सुरू केलं आणि तेवढ्यात तो लाल ट्रकवाला थांबला. आठवतंय ना?

"ए बफर्ड! डोकं फिरलं काय तुझं? अरे, आपण..."

"चल हो पुढे!" बफर्ड केवढ्याने ओरडला! "हरलेल्या माणसाला धड गाऊ पण देत नाहीत लेकाचे!"

हे तो बोलला. ज्याने सात वर्षांत एकदाही, पत्त्यांच्या डावातसुद्धा, हरलो म्हणून कबूल केलं नाही, तो भर रस्त्यात ओरडून बोलला. ट्रकवाल्याने आमच्या गाडीत उशांना टेकलेल्या लॅमरला बघितलं आणि ट्रक पुढे काढला. मग बफर्डने दुसरं कडवंही म्हटलं. ते रितीत नाही, कोणी मागितलंही नव्हतं. सूर भयंकर होता. आमच्या गाण्याचं दुसरं कडवं त्याला कुठून पाठ, हे एकदा त्याला विचारायचंय.

नंतर तो खिडकीशी वाकला तेव्हा तू पुडिंग आणायला आत गेली होतीस. लॅमर त्याला म्हणाला, "काय रे, अमर होणार होतो ना मी?"

बफर्डने लॅमरच्या गळ्याचा मफलर नीट केला, दुकानात गिऱ्हाइकाला फडकं बांधतात तसा, आणि बराच वेळ नीटच करत राहिला. सप्टेंबरचं मी त्याला माफ केलेलं नाही. पण तो मफलर मी धुणार नाही.

घरी येताना लॅमर दमला होता, पण खूश होता. म्हणाला, "पुढच्या वर्षी बफर्डला जरा सांभाळून घे. फार खचलाय बिचारा." सोमवारपासून बोलणं कमी झालं. गुरुवारी सकाळी मी खिडकीचा पडदा सरकवायला उठले आणि परत फिरेपर्यंत तो गेला होता. मी त्याला थांबायचं कारण उरू दिलं नाही, हे मी रोज मनात म्हणते. मिसेस टॉल्बर्ट म्हणते, "तसं नसतं." तिला काय माहीत?

आज चर्चहून आल्यावर ट्रंक उघडली. खिळ्यावरचा जांभळा कालच त्याच्याबरोबर गेला, तो तू पाहिलासच. तुमचा पिवळा काढला, इस्त्री केली (बघून घे, कशी करतात), आणि स्टुलावर चढून दारावर लावला. पर्व्हिस कुंपणाशी धावत आला.

"ओलेटा, बरी आहेस ना? हे काय करतेस?"

"आम्ही हरलो, पर्व्हिस," मी म्हटलं. "चोवीस-सत्तावीस. ठाऊक नाही का तुला?"

दोन आठवड्यांत पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. त्यानंतर आत येऊन पाण्याचा नळ सोडून जेवढं रडायचं तेवढं रडले.

तर येत्या रविवारी चर्च सुटल्यावर या. दोघंही. नाताळपर्यंत झेंडा आहे. पुडिंग करीन, केळी ताजी घेईन, बफर्डला सांग दोनदा मागायला. पायरीवर उभं राहायला आता घरात पुरुष नाही, तेव्हा मीच उभी राहीन. तुमचं ते भिकार गाणं सात वर्षं त्याच्या तोंडून ऐकलंय. पहिलं कडवं येतं मला.

तुमची, यंदा हरलेली,
ओलेटा