सिलिंडर क्रमांक ४१७३

घडले ते असे.

१. १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी. थोरले चुलते बिरप्पा बंडगर यांनी माझ्या दिवंगत वडिलांच्या तीन जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरपैकी एक शस्त्रपूजेसाठी होटगीला नेले.

२. ३ ऑक्टोबरला परत आणले. बार भरायच्या फिरत्या सिलिंडरवर हळदकुंकवाचा जाड थर होता. आई म्हणाली, "पूजेचं कुंकू लगेच पुसू नये." दोन दिवस थांबले.

३. ५ ऑक्टोबरला पुसले. नळी, सांगाडा, सिलिंडर, तिन्हींवर ४१७३. पहिल्या दोन्हींवर अंकांची उंची दोन मिलिमीटर, सिलिंडरवर अडीच. मूळचे तिन्ही अंक एकाच मापाचे होते. सिलिंडर बदललेले आहे.

४. काकांना विचारले. म्हणाले, "लोखंडच की त्ये, सोने! घासलं तर नंबर उलट चमकलाय."

मी, सोनम मल्हार बंडगर, वय २९, टूलरूममध्ये गुणवत्ता तपासनीस, राहणार सात रस्ता, सोलापूर. ३० ऑक्टोबरला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत आहे, कुणाचा दबाव नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक आई मायाक्का हिला. रिव्हॉल्व्हर तिला देत नाही. तिच्यावर संशय नाही, पण "थोरल्या दिरास्नी न्हाय कसं म्हणू गं?" हे तिचे ठरलेले उत्तर आहे.

तिन्ही रिव्हॉल्व्हर, कागदपत्रे, मायक्रोमीटर व व्हर्नियर माझी सहकारी जोया बागवान हिला. सुटे भाग वेगळे विकू नयेत. बार उडवायला तांब्याची टोपी बसवावी लागे, अशा घडणीची ही शस्त्रे वडिलांनी कुर्डुवाडीला रेल्वेत फिटर असताना जमवली. पहिले माझ्या हातात देताना म्हणाले होते, "टोपीचं हाय. तुला कुणी टोपी घालू नये, म्हणून आधी नंबर जुळवायचा." तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांच्या हाताखाली मी अंक आधी शिकले, शस्त्र नंतर.

बिरप्पाकाकांना माझा अंक ठोकायचा पंच संच. त्यांच्या लेथच्या दुकानात अडीच मिलिमीटरचा आहे. हा दोनचा आहे. मूळ सिलिंडर परत आल्यास हे कलम रद्द.

साक्षीदार: राजनंदिनी कोळी, वकील (सही). नबीसाब मुजावर, शेजारी (सही).
करून देणार: सोनम मल्हार बंडगर (सही).
सोलापूर, १८ ऑक्टोबर २०२५.

काका, याची प्रत आजच तुम्हाला पाठवली आहे. सिलिंडर कुणी बदलले हे मी विचारत नाही. मूळ कुठे आहे, ते २८ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावे. आईजवळ निरोप ठेवू नये.