फोमची सुरय

२ मार्च
ऋतुजा, माझी पक्षीवेडी भाची, आज कारखान्यात आली ती हट्ट घेऊनच. "मावशी, मला हलणारी सुरय हवी!"

मी गणपतीचे हलते देखावे करते. राक्षस, हत्ती, गरुड — सगळं केलंय. सुरय कधीच नाही. काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा हा नदीवरचा पक्षी. लोणी काळभोरला नदीतल्या वाळूवर अंडी घालतो, आणि उन्हाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं की अंडी गेली वाहून. दरवर्षी! ऋतुजानं वाळू भरून तरंगता तराफा बांधलाय, पण त्यावर कुणी उतरतच नाही. आपल्यातलं कुणी बसलेलं दिसलं तर उतरतील म्हणे. आपण नाही का गर्दी बघूनच हॉटेलात शिरत! घेतलं काम.

९ मार्च
फोमचं अंग, गाडीच्या वायपरची मोटर. मान फिरते, पंख उघडतात, शेपटी उडते. मी खूश! नवरोबा चष्म्यावरून बघून म्हणाले, "छान. आशीर्वाद कधी देते?"

१४ मार्च
फजिती! तिला तराफ्यावर बसवून बटण दाबलं आणि नदीवरचे झाडून सगळे पक्षी उडाले. बगळेसुद्धा. ऋतुजा ओरडली, "मावशी, सुरय आहे ती, महिषासुर नाही!" काठावर म्हशी धुणाऱ्या मुक्ताईंनी भर घातली, "बाई, माझी म्हस बी बिथरली की!" हसले खूप. पण अंडी घालायचे दिवस आलेत.

१५ मार्च
दिवसभर दुर्बिणीतून खऱ्या सुरय पाहिल्या. काय करतात? बसतात! मधूनच मान जराशी वळवतात, बस्स. जन्मभर मूर्ती हलवल्या, आता हिला बसायला शिकवायचं!

२२ मार्च
छोटी मोटर, आवाज नाही. उघडणारे पंख काढून टाकले. फार जिवावर आलं.

२९ मार्च
एक नर उतरला! चोचीत मासा — म्हणजे लग्नाची मागणीच. आमच्या बयेपुढे धरला आणि नेमकी तेव्हाच तिनं मान फिरवली! त्यानं पुन्हा धरला. पुन्हा नकार. ऋतुजानं कपाळाला हात लावला.

३० मार्च
आज तोच नर नवा मासा घेऊन आला. शेजारी एक खरी मादी येऊन बसली होती. तिनं गट्ट केला!

२० एप्रिल
पाणी सोडलं. वाळू बुडाली. तराफ्यावर दोन अंडी — कोरडी! आणि आमची बया? अंड्यांच्या आईनं चोची मारमारून नदीत ढकलली. माझा देखावा कुणीतरी मोडला आणि मी काठावर नाचले!