सुभेदाराची आंघोळ

मंगळवार, १८ जून १९७४

कुत्र्याला घालवा म्हणे! सांगलीहून निरोप. सांगायला जावई, बाळासो, स्वतः आले. आमच्या लेकीला, विनूला, सातवा लागलाय, पहिलं बाळंतपण, तेव्हा ती इथेच येणार – रहिमतपूरला. “मामी, आई म्हणते, बाळाच्या घरात कुत्रं नको. अंगभर गोचीड आहेत त्याच्या.” बोलताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चहाची बशी नुसती फिरवत बसले.

मी विचारलं, गोचीड काढले, स्वच्छ ठेवला, तर?

“बघतो विचारून.”

सुभेदार दारातच आडवा पडला होता. हे पलटणीतून हवालदार म्हणून परत आले. सुभेदारी हुकली, म्हणून कुत्र्याचं नाव सुभेदार. “आता सुभेदाराला मी हुकूम सोडणार!” म्हणायचे. त्याला धुवायचं काम ह्यांचंच. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून त्याच्या अंगावर पाण्याचा थेंब नाही.

आता मीच आंघोळ घालीन.

गुरुवार, २० जून

घातली! म्हणजे मलाच झाली.

लिंबाचा पाला घालून पाणी उकळलं, निववलं, घंगाळात काढलं. धरायला शेजारची धोंडुबाई. पहिला तांब्या ओतला आणि सुभेदार सुटला – घंगाळ उलटं, धोंडुबाई चिखलात, आणि हा सरळ राखेच्या ढिगात लोळायला. उठला तो भुतासारखा!

धोंडुबाई पदर पिळत म्हणाली, “आवं अक्का, नवऱ्याला तरी कदी आंघुळ घातली व्हती का? आन् निगालाय कुत्र्याला!” बोलली आणि जीभ चावली.

मी म्हटलं, “घातली होती की. शेवटच्या आजारात रोज.”

 मग आमच्या दोघींच्या अवताराकडे बघून मलाच हसू फुटलं. तीही हसली. किती दिवसांनी!

रविवार, २३ जून

घंगाळ दिसलं की धान्याच्या कणगीमागे शिरतो. आजही नाही.

सोमवार, २४ जून

भाऊसो – माझे धाकटे दीर – येऊन गेले. “वैनी, द्या मला. वस्तीवर सोडतो. उसात पडंल गप.”

वस्तीवर चार दांडगी कुत्री आहेत. हा नऊ वर्षांचा, दात झिजलेले. एक दिवस टिकायचा नाही. मी म्हटलं, बैलांचा सण, बेंदूर, तेवढा होऊ द्या.

“बरं, बेंदूर झाल्याव न्हेतो. पर वैनी, लेकीकडं बगायचं का कुत्र्याकडं?”



वाचनालयातलं पुस्तक उघडलं, तेच पान तीनदा वाचलं. ह्यांची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून मी एकटीने अक्षरं गिरवली. तेव्हापासून हाती लागेल ते वाचते. पण कुत्रं कसं धुवायचं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही!

बेंदूर

काय सांगू! भाऊसोंनी रिवाजाप्रमाणे बैलं आमच्या आडावर धुवायला आणली. गेल्या साली आमच्याकडे सण नव्हता. पहिला बैल धुऊन झाला, दुसरा झाला. मी परातभर पुरण वाटून बाहेर डोकावले, तर सुभेदार कणगीमागून निघाला, शांतपणे चालत गेला आणि दुसऱ्या बैलाच्या शेजारी मान खाली घालून उभा राहिला. आपला नंबर आला म्हणून!

भाऊसोंच्या हातातली बादली तशीच राहिली. “आरं तिच्या मारी! ह्यो तर बैल झाला!” मग कपाळावर हात मारला. “आवं वैनी, दादा ह्याला हितंच धुवायचा की, जोडी झाल्यावर! इसरलोच मी.”

मला कसं ठाऊक असणार? लग्न झाल्यापासून प्रत्येक बेंदराला मी चुलीपुढे. आडावर काय चालतं ते बाईमाणसानं बघितलंय कधी?

पुरण तसंच टाकून मी आडावर गेले, त्याच्या अंगावर पाणी ओतलं. सुभेदार हलला नाही. डोळे मिटून उभा. पोटाखालून, कानामागून, बोटांच्या बेचक्यांतून एकेक गोचीड ओढून काढला, रॉकेलच्या डब्यात टाकला. मानेवरचे केस पांढरे झालेत, ते आज दिसलं. माझेही झालेत.

शिंगांना लावून उरलेला हिंगूळ धोंडुबाईने त्याच्या कपाळाला लावला. पोळी बैलांबरोबर त्यालाही.

जाताना भाऊसो म्हणाले, “ऱ्हाऊ द्या हितंच. सांगलीकरांशी मी बोलतो.”

शुक्रवार, ५ जुलै

विनू सोमवारी येतेय. सुभेदाराला आज पुन्हा पुसून काढला. तिच्या सासूबाईंनी काही म्हणू नये म्हणजे झालं.

सोमवार, ८ जुलै

विनू आली. सुभेदार शेपूट हलवत पुढे गेला, ती मागे सरली. जेवण झाल्यावर एकदम म्हणाली, “आई, सासूबाई काहीच बोलल्या न्हवत्या. मीच ह्यांना निरोप द्यायला लावला. आबा गेले तरी हा दारात बसून रस्त्याकडं बघत असतो. मला नाही बघवत.”

मी म्हटलं, “म्हणून तर तो मला हवाय गं. एकटीनं बसवत नाही.”

 भांडी घासून बाहेर आले तर पोट सावरत उंबऱ्यात त्याच्याशेजारी बसलेली. दोघांचीही तोंडं रस्त्याकडे.