मामांच्या खुब्याचा जुळा

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार (वाकायचं मला आहे, तेव्हा तुमच्या नव्या खुब्याला तोशीस नाही). तब्येत कशी आहे? मामी म्हणते, तुम्ही जिना चढता आणि कशाला चढलो ते विसरून उतरता. म्हणजे गाडी पूर्वपदावर आली म्हणायची.

तुमचा खुबा भाचीच्या कारखान्यात छापला, हे तुम्ही सगळ्या गल्लीला ऐकवलंय. एक गोष्ट मात्र मी तुम्हाला सांगितली नव्हती. धातूची भुकटी थरावर थर वितळवून आम्ही खुब्याची ती बारीक जाळी उभी करतो, तेव्हा शेजारीच तिचा एक चौकोनी जुळा छापतो. खुबा माणसात जातो, जुळा कपाटात. मग खुबा किती भार सोसेल ते कळावं म्हणून सवडीने जुळा दाबयंत्रात घालून मोडेपर्यंत दाबायचा, असा साहेबांचा नियम. (साहेबांचा स्वतःचा खुबाही इथलाच, पण त्यांचा जुळा वरच्या खणात कापसात असतो आणि त्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत. का, ते विचारायची कुणाची छाती नाही.) जाळी आधी निमूट दबते, सोडली की पुन्हा उभी राहते, अगदी मामीसारखी. मग कट्कन एक थर बसतो, आणि त्यामागोमाग पुढचे.

काल तुमचा जुळा लावला. काटा जेमतेम हलला, तोच मामीचा फोन: तुम्ही पेपर वाचताना किंचाळलात. मी यंत्र सैल केलं. तुमची कळ थांबली. पुन्हा दाबलं (शास्त्राला खातरजमा लागते, मामा), आणि फोनमधून तुमचाच आवाज आला. तिसऱ्यांदा दाबलं ते शास्त्रासाठी नव्हतं. लहानपणी तुम्ही माझे कान पिळायचात त्यासाठी. पण नंतर यंत्र बंद असताना जुळा आपणहून कुरकुरला. मामीला विचारलं, तर तुम्ही जिना उतरत होतात. मी जुळा हातात घेतला; मामा, तो कोमट होता.

आज तो मोडेपर्यंत दाबायचाय. माझ्याच्याने ते होणार नाही.

तुमची,
भाची

ता. क. सोबतच्या डबीत तुमचा जुळा आहे. जिवापाड जपा. डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली हाताला येईल ते सरकवायची तुमची खोड मला ठाऊक आहे. हा सरकवू नका.

ता. क. २. यंत्र रिकामं दिसू नये म्हणून घाईत हाताला आला तो दुसरा जुळा लावून आले. वरच्या खणातला होता, हे आत्ता लक्षात आलं. साहेब स्वतःच बटण दाबायला आत गेलेत, आणि दार ते आतून लावून घेतात.