आहे आणि आली

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी ९.४० ला आली, ११.०५ ला गेली. दुपारी दीडला पुन्हा आली, चारपर्यंत टिकली. मधल्या वेळेत दळणाचे डबे दाराबाहेर रांगेत. फळीवर खडूने लिहिलं: 'गिरणी दुरुस्त आहे. लाईट नाही.' लिहिताना डोक्यावर ट्यूब पेटलेली होती.
लाईनमन शेख मामू मोटारसायकलवरून जाता जाता थांबले, फळी वाचली. "मास्तर, दुरुस्त बराबर लिहितो तू. आमच्या हापिसात कोणाला जमत न्हाई."
मला मास्तर म्हणतात ते चेष्टेने. आयटीआय एका वर्षात सोडलेला मास्तर. बाबा गेले, गिरणी अंगावर आली, शिक्षणातलं शुद्धलेखन तेवढं हाताशी राहिलं.
स्टार्टर बंद केला का ते दोनदा जाऊन पाहिलं. बंद होता.

९ नोव्हेंबर, रविवार
सरपंच बबनराव एका पाहुण्यांना घेऊन गिरणीवर आले. जोशी साहेब. त्यांचे आजोबा इथलेच, साहेब पुण्याला वाढले. कॉम्प्युटर कंपनीतली नोकरी सोडून आलेत. म्हणाले, गावात एवढी तुती, लोक रेशमाचे कोष पिकवतात आणि तसेच जालन्याला नेऊन विकतात. धागा दुसऱ्या राज्यात निघतो. तो इथंच का काढू नये? मशीन बसवायचं, बायकांना काम द्यायचं. पैसा ते घालणार.
मग विचारलं, लाईटचं कसं?
बबनराव: "बिलकुल टेन्शन न्हाई साहेब."
साहेब हसले. "मी सात गावं फिरलो. सातही सरपंच हेच बोलले."
तेवढ्यात त्यांना खिळ्याला टांगलेली माझी वही दिसली. गेल्या वर्षी मोटर जळाली तेव्हापासून लाईटच्या वेळा लिहितो, एक दिवस चुकवलेला नाही. ते उभ्या उभ्या वाचत राहिले.
गोदाकाकू डबा घेऊन आत आली, बरोबर ट्यूबखाली उभी राहिली. "परशांत, लाईट आली का रे?"
साहेब म्हणाले, "काकू, डोक्यावर पेटलीय की!"
काकूने त्यांच्याकडे पाहुण्याच्या लेकराकडे पाहावं तसं पाहिलं. सगळे हसले. मीही हसलो.
साहेबांनी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो घेतले. "असं कुठल्याही ऑफिसात मिळालं नसतं मला," म्हणाले.

१० नोव्हेंबर
झोप नीट लागली नाही. कोणी वही वाचली की शाळेत तपासायला दिल्यासारखं होतं. पाहिलं तर १७ ऑक्टोबरला 'पूर्ण' मधला पू ऱ्हस्व पडलाय. दुरुस्त केला. पण फोटोत तो तसाच गेला.

२२ नोव्हेंबर, शनिवार
साहेबांचा फोन. नक्की झालं. सात गावांत आमचंच. "तुझ्या वहीमुळे," म्हणाले.
दूध सोसायटीची बंद पडलेली शेड मिळणार. वीजजोडणीचा अर्ज मंजूर झाला. धागा काढायला शिकून घेईल अशी कोणी बाई आहे का, विचारलं. बारावी झालेली, हात स्थिर असलेली. मी ताईचं नाव सांगितलं.
ताई तीन वर्षांपासून माहेरी आहे. जालन्याला बियाण्याच्या कंपनीत निवडणीला जाते, रोज जीपमध्ये उभ्याने. आल्यावर तासभर कोणाशी बोलत नाही. आज बोलली. "दहा दिवस कर्नाटकात राहायचं? मी एकटी?" आणि मग लगेच, "थंडी असती का रे तिकडं?"
आईने बाबांची शाल काढून तिच्या पिशवीत घातली. ताईने कंपनीत सांगून टाकलं, सोमवारपासून येणार नाही.

६ डिसेंबर, शनिवार
सकाळी विहारात गेलो. पांढऱ्या साड्यांत ताई लगेच दिसली. काल परत आली. बाहेर पायरीवर तिने हात दाखवले. बोटं पांढरी, कातडी सोललेली. कोष उकळत्या पाण्यातून घ्यायचा, त्याचं टोक शोधायचं, आठ कोषांचा मिळून एक धागा. केसापेक्षा बारीक. "दिसत न्हाई, बोटाला कळतो," म्हणाली. कधी नव्हे ते भरभर बोलत होती.
मी विचारलं, मधेच लाईट गेली तर?
"सगळे धागे तुटत्यात. शिजलेले कोष वाया. तिकडं एकदा गेल्ती, पण त्यांचं जनरेटर जल्दी चालू झालं."
आपल्या शेडला जनरेटर घेतलाय का, हे दुपारी साहेबांना फोनवर विचारलं. म्हणाले, "नाही घेतला. एवढा पुरवठा असताना तो खर्च कशाला?"
एवढा म्हणजे केवढा, हे विचारायला हवं होतं. फोन ठेवल्यावर सुचलं.

९ डिसेंबर, मंगळवार
सरपंचांनी साहेबांचा छापील अहवाल आणून दिला. "तुझं नाव छापलंय, बघ."
छापलंय. पान तीन. 'वीजपुरवठ्याच्या नोंदी: श्री. प्रशांत, गिरणीचालक. अत्यंत अचूक.' खाली: 'थ्री फेज पुरवठा दिवसाला सरासरी एकवीस तास.'
एकवीस.
वही काढली. दोन रकाने. डावीकडे 'आहे', उजवीकडे 'आली'. आहे म्हणजे घरात बल्ब आहे, सिंगल फेज. ती बहुतेक वेळ असतेच. आली म्हणजे थ्री फेज आली, मोटर फिरते. ती कधी आठ तास, कधी चार, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. गावात हे कोणाला सांगावं लागत नाही. म्हणून तर गोदाकाकू पेटलेल्या ट्यूबखाली उभी राहून विचारते, आली का.
साहेबांनी 'आहे' ची बेरीज केली. 'आली' म्हणजे त्यांना वाटलं असेल, गेलेली परत आली ती वेळ. त्यांचीही मराठीच आहे. त्यांच्या मराठीत हाच अर्थ होतो.
मंजुरीच्या कागदावर भार लिहिलेला असतो, तास लिहिलेले नसतात. म्हणजे माझ्या वहीशिवाय तास सांगणारं दुसरं काही नाही.
म्हणून जनरेटर नाही.
पूर्ण वही पुन्हा वाचली. 'पूर्ण' सोडला तर शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

११ डिसेंबर
शेख मामूंना गाठलं. खांबावरून उतरेपर्यंत खाली उभा राहिलो. सगळं सांगितलं.
"तू झूठ लिख्या क्या?"
नाही.
"मंग? जो दिख्या वो लिख्या. कोर्टात बी चालतं."
मी विचारलं, शेडला वेगळा फीडर मिळेल का? म्हणजे शेतीच्या लाईनवरून काढून स्वतंत्र लाईन.
मामूंनी हातमोजे काढले, झटकले. "कागद गेलाय वर."
कधी?
"मी लायनीवर नवा होतो ना, तेव्हा." आणि हसले. मग माझं तोंड पाहून हसायचे थांबले. "तुझ्या दीदीचं काम हाय ना तिथं?"
हो म्हणालो. मामू गाडीला किक मारत राहिले. गाडी तिसऱ्या किकला चालू झाली.

१५ डिसेंबर, सोमवार
आज दिवसाची पाळी असून आलीच नाही. आहे, दिवसभर.
सरपंचांकडे गेलो. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ऐकून घेतलं, चिडले नाहीत. तेच जास्त वाईट वाटलं.
"परशांत, दहा वर्षं झाली वेगळा फीडर मागून राह्यलो. दरवेळी एकच प्रश्न, गावात मोठं गिऱ्हाईक कोण? पिठाची गिरणी? आता एक गिऱ्हाईक आलंय. ते बसलं, त्याचं मशीन बंद पडलं, त्यानं पुण्यावरून चार फोन केले, की फीडर येतो. माझ्या फोननं न्हाई येत."
पण तोपर्यंत साहेबांचं काय?
"साहेब शिकलेले हायेत. निघतील यातून."
मी म्हणालो, ते नोकरी सोडून आलेत.
"मंग तू सांग त्यांना. आणि त्यानंतर आपल्या गल्लीतल्या वीस बायांनी नावं दिलीत, त्यांना बी तूच सांग. पहिलं नाव कोणाचं हाय, माहीत हाय ना?"
माहीत आहे.
परत येताना वाटेत विचार करत होतो की सरपंच चुकीचं काय बोलले. सापडलं नाही.

१६ डिसेंबर
गिरणी चालू असताना हात पट्ट्याजवळ गेला. थोडक्यात वाचला. लक्ष नव्हतं.

२१ डिसेंबर, रविवार
पत्र लिहायला बसलो. फोनवर मला नीट बोलता येत नाही, साहेब मधेच बोलतात आणि मी हो म्हणतो. कागदावर बरं.
'आदरणीय जोशी साहेब, आपल्या अहवालात पान तीनवर...'
चार वेळा लिहिलं. पहिल्या वेळी फारच लांबलं. दुसऱ्या वेळी वाचून वाटलं, त्यांना मराठी येत नाही असं मी म्हणतोय. तिसऱ्या वेळी शेवटी 'क्षमस्व' लिहिलं. मग कशाबद्दल, हे कळेना. चौथ्यात दोनच ओळी: 'आमच्याकडे आहे म्हणजे बल्ब. आली म्हणजे मोटर. आपण आहे मोजलं.'
हे बरोबर आहे. पाकिटात घातलं. पत्ता लिहिला. पिनकोड दोनदा तपासला.
पाकीट गल्ल्याच्या खणात आहे.

२४ डिसेंबर
पोस्टमन आला होता. गोदाकाकूच्या नातवाचं काहीतरी द्यायला. 'टाकायचं काही आहे का,' असं त्याने विचारलं नाही. मीही बोललो नाही.
ताईने शेड झाडून घेतली. एकटीने. जाळी, कबुतरांची घाण, दुधाचे जुने कॅन, सगळं बाहेर. भिंतीला चुना लावला. जेवायला आली तेव्हा पापण्यांवर चुना होता. आई म्हणाली, "अगं, म्हातारी झाली की काय एका दिवसात!" ताई हसली. किती दिवसांनी.

२७ डिसेंबर, शनिवार
ताईला सांगितलं.
ती शेडमध्ये तुतीच्या काड्यांचा झाडू बांधत बसली होती. मी अहवालाचं तिसरं पान पुढे केलं. तिने हातात घेतलं नाही.
"वाचलंय मी."
कधी?
"सरपंचानं तुला दिला ना, त्याच्या आदल्या दिवशी. माझ्याकडंच आणून दिल्ता आधी. एकवीस वाचलं आन् घडी घालून परत दिला."
मला बोलली का नाहीस?
"मला वाटलं, तुला दिसंल. तुला कानामात्रा दिसतो, हे दिसणार न्हाई व्हय? आणि तू साहेबाला सांगशील. म्हणून मी रोज वाट बघून राह्यले, आज सांगतो का, उद्या सांगतो. दोन आठवडे झाले." ती बोटांकडे पाहत होती. सोललेली कातडी आता भरून आलीय. "मंग मला वाटाय लागलं, परशांत बी न्हाई सांगत. म्हणजे चालत असंल."
मी म्हणालो, पत्र लिहिलंय. खणात आहे.
"टाक मंग."
टाकू?
"मला इचारू नको." उठली. दारापर्यंत गेली, परत आली. "जीपमधी उभं राहून पाय सुजत्यात माझे, एवढंच सांगते. बाकी तू बघ."
दोघे एकाच वाटेने घरी आलो, ती पुढे, मी मागे.

३० डिसेंबर
आली नाही. आहे.
मामू गिरणीसमोर थांबले. गाडी बंद केली नाही. "कागदाचं इचारलं मी. सापडत न्हाई म्हणत्यात. नवा द्या म्हणत्यात." मग म्हणाले, "तू लिहून दे. तुझं अक्षर चांगलं हाय."
अर्ज लिहून दिला. 'स्वतंत्र फीडर मिळणेबाबत.' मामूंनी घडी घालून खिशात ठेवला. वर जाईल.

२ जानेवारी, शुक्रवार
सकाळपासून ढगाळ. डबे रांगेत. गोदाकाकू डब्यावर बसून तंबाखू मळत होती. ताई आईचं दळण घेऊन आली होती, ती जात्याच्या तोंडाशी पीठ झाडत उभी होती.
३.१० ला साहेबांचा फोन. आवाज मोकळा होता, गाडीत असावेत. म्हणाले, मशीन तयार आहे, सोमवारी ट्रकमध्ये भरायचं. एकदा तिथून निघालं की ते लोक परत घेत नाहीत. म्हणून म्हटलं भरायच्या आधी शेवटचं तुला विचारावं, बाकी कोणावर माझा भरवसा नाही.
मी खणाच्या कडीवर हात ठेवला होता. सांगायचं ठरलं होतं. दोनच ओळी, पाठ आहेत.
"साहेब, ते वहीत..."
"वही भारीच आहे रे. बरं ऐक, रेंज जाईल माझी. एका शब्दात सांग. लाईट आहे ना?"
ताई पीठ झाडायचं थांबवून माझ्याकडे पाहत होती. काकूही पाहत होती, कारण ताई पाहत होती. डोक्यावर ट्यूब पेटलेली होती.
"आहे," म्हणालो.
"बस. मग सोमवारी भरायला सांगतो."
फोन बंद झाला. ताई पुन्हा झाडायला लागली. काकूने तंबाखू तोंडात टाकली आणि विचारलं, "काय म्हणतो पाहुणा? आली का लाईट?"
मी म्हणालो, नाही काकू.
सोमवारला मध्ये दोन दिवस आहेत. पाकीट खणात आहे, पत्ता बरोबर आहे. पण पत्र पुण्याला सोमवारच्या आत पोहोचत नाही. फोन पोहोचतो.
वहीत लिहिलं. ३.१०: आहे. उजवा रकाना कोरा.