साखरेच्या डब्याला टेकवलेला टॅब

अक्का, तुमच्या मुलाचा टॅब फुटला आणि त्यापायी घरात जे रामायण झालं ते तुम्हालाच सांगावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. टॅब म्हणजे काय ते आधी सांगते. शाळेतल्या पाटीएवढी काच असते. तिच्यावर बोट ठेवलं की पेपर वाचता येतो, गाणी ऐकता येतात, आणि लांबचं माणूस समोर बसून बोलतं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे हॉलमध्ये तो काळा फोन होता, आणि गावाहून फोन आला की तुम्ही आधी पदर सारखा करून मगच रिसीव्हर उचलायचात. आम्ही सगळे तुम्हाला हसायचो. आता पदर सारखा करावाच लागतो, समोरच्याला दिसतो.

तुमच्या मुलाला या काचेचं खरं काम एकच. धारवाडच्या वन्सं, म्हणजे तुमची थोरली लेक, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावरच आहेत. कानांनी कमी ऐकू येतं, त्यामुळे साध्या फोनवर त्यांना काही समजत नाही. समोर तोंड दिसलं की मात्र ओठांवरून सगळं बरोबर उमजतं, नको ते जरा जास्तच. म्हणून रोज दुपारच्या चहाला हे आपला टॅब साखरेच्या डब्याला टेकवून बसतात, आणि तिकडे वन्संची सून त्यांच्या पलंगावर फोन धरून बसते. बोलणं काय, तर काहीच नाही. "साखर किती घातलीस?" "एक चमचा." "खोटारडा! बशीत सांडलेली दिसतेय मला." मग लहानपणी कुणी कुणाचा पतंग फाडला ते निघतं. सत्तरी ओलांडलेली तुमची दोन्ही मुलं रोज भांडतात आणि भांडून झालं की चहा पितात. त्या चहावर दोघांचा दिवस उभा असतो, हे मला टॅब फुटल्यावर कळलं.

फुटला तो माझ्यामुळेच म्हणायचा. मी डबा रिकामा करून धुतला, वाळवला आणि साखर न भरताच जागेवर ठेवला. यांनी सवयीने टॅब टेकवला, रिकामा डबा सरकला, आणि वन्संना त्यांच्या धाकट्या भावाऐवजी शेवटचं दर्शन झालं ते आपल्या फरशीचं.

आता तुमचा मुलगा तुम्हाला ठाऊकच आहे. जन्मभर या कानडी शहरातल्या शिवाजीनगरच्या दुकानात कापड मोजलं, हातात घेतल्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही. आणि दुसरी गोष्ट, स्वतःला जमत नसेल तर तोंडाने सांगायचं नाही. "चालवून द्या" असं ते लेकालाही म्हणणार नाहीत, मला तर नाहीच. त्यांना स्वतःला लावता आला नाही, तर वन्संना फोन होणार नाही, इतकं ते सरळ होतं. पण मी कसली थांबते! बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा अख्ख्या शाखेला मी शिकवलं होतं, त्याचा तोरा अजून गेलेला नाही. सर्जापूर रोडवरून लेकाला बोलावलं आणि आम्ही दोघं एचएसआर लेआउटमधल्या चकचकीत दुकानात गेलो. यांना नेलंच नाही. त्यांना त्यातलं काय कळतं, असं आम्ही दोघांनीही न बोलता ठरवून टाकलं होतं.

"आई, आता घेतोच आहोत तर बेस्ट घेऊ," लेक म्हणाला. "बाबांना पाच वर्षं तरी दुसरा बघायला नको." घेतला तो ताटाएवढा मोठा आणि पापडासारखा पातळ. चेहरा ओळखून उघडणारा, पेनने लिहिता येणारा, बोलून सांगितलं तर ऐकणारा. लेकाने त्यात काय काय भरलं आणि यांच्या हातात दिला. हे म्हणाले, "सरी, सरी. बरं झालं. भारी आहे." मग कपाटातून तुमचा तो मोराचा रुमाल काढला, टॅबवर नीट पसरला, आणि चहा प्यायला बाल्कनीत गेले. एकटेच.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, डोळे दुखतायत. मग म्हणाले, ताईला आराम पडू दे जरा. मीही कामात होते, लक्ष दिलं नाही. त्या आठवड्याच्या शेवटी धारवाडहून वन्संच्या सुनेचा फोन. "मामी, मामा बरे आहेत ना? खरं सांगा. आईंनी दुपारचा चहा सोडलाय. त्या म्हणतात, माझा भाऊ आजारी आहे आणि तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय." मी फोन ठेवला. मी हॉलमध्ये आले तर टेबलावर तो रुमाल, चारी टोकं ओढून सारखी केलेली, मधे मोर.

आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. मी नवी सून आहे, पहिल्या पगारातून मिक्सर आणलाय. तुम्ही त्याला हळदकुंकू लावता, शेजारणींना बोलावून दाखवता, "आमच्या सुनेनं आणलंय" म्हणून मिरवता. दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सरवर हाच मोर बसलेला असतो आणि तुम्ही खाली पाट्यापाशी चटणी वाटत असता. किती महिने मी तोंड फुगवून फिरले! शेवटी एकदा न राहवून विचारलं, तर तुम्ही वरवंटा थांबवून म्हणालात, "मशीन चांगलंच आहे गं. पण केवढा गद्दल करतंय ते! लावलं की घरात कोण आलं, कोण काय बोलतंय, काही म्हणून ऐकू येत नाही मला." मला तेव्हा वाटलं, म्हातारी घाबरते मिक्सरला आणि सबबी सांगते. पण एक मात्र पक्कं समजलं होतं. तुम्हाला जे वापरायचं नसे आणि ज्याने आणलं त्याला दुखवायचंही नसे, त्यावर तुम्ही रुमाल घालायचात. तुमचा मुलगा तुमच्यावरच गेलाय.

मी रुमाल उचलला आणि म्हटलं, "अहो, हा तुम्हाला आवडलेला नाही."

"छे, छे! भारी वस्तू. खराब होऊ नये म्हणून झाकलाय."

"मला नका सांगू. मी तुमच्या आईच्या हाताखाली स्वयंपाक शिकलेय."

तेव्हा कुठे हसले. मग एकेक निघालं. चष्मा बदलला की ओळखच दाखवत नाही. काठच नाही त्याला, धरायचा कुठे? अंगठा लागला की भलतंच काहीतरी उघडतं. "आणि स्वल्प टेकवायला गेलो तर घसरतोच गं. पुन्हा फुटला तर ताईला काय तोंड दाखवू?" तोंड दाखवायचीच तर पंचाईत झाली होती!

मी म्हटलं, चला, तुम्हीच निवडा. हे लगेच तयार झाले, कापडी पिशवी घेतली आणि पिशवीत काय, तर साखरेचा डबा. गच्च भरलेला. मी डोक्याला हात लावला. पण आम्ही गेलो शिवाजीनगरात, यांच्या जुन्या दुकानापासून जवळच, गल्लीतल्या एका ओळखीच्या मोबाइलवाल्याकडे. यांनी काउंटरवर डबा ठेवला. तो बघतच राहिला. "सार, ये डब्बा कायकू लाए?"

"तुम टॅब दिखाव, मैं बताता," हे म्हणाले.

आणि अक्का, पुढचा अर्धा तास तुमच्या मुलाने जन्मभर दुकानात कापड पारखलं, तसे टॅब पारखले. प्रत्येक डब्याला टेकवायचा, मग काउंटरवर मूठ आपटायची आणि सरकतो का बघायचं. आत किती जागा, कुठल्या साली निघाला, एक प्रश्न नाही. बाकीची गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून मजा बघत उभी. शेवटी पसंत पडला तो छोटासा, जाड काठाचा, भोवती हिरवं रबर असलेला. दुकानदार बिचारा प्रामाणिक. "सार, ये तो बच्चों का है."

"तो क्या हुआ? मेरी अक्का के लिए तो मैं बच्चाच है," हे म्हणाले, आणि डबा पिशवीत टाकला. घरात 'अक्का' तुम्ही एकट्याच. हे वन्संना ताई म्हणतात. दुकानदाराला वाटलं असेल, बहिणीबद्दल बोलतायत. माझे डोळे मात्र भरून आले ते तिथेच.

घरी आल्यावर मी त्यातलं सगळं सगळं काढून टाकलं. कुलूपसुद्धा काढलं. पेपर, गाणी, आणि मधोमध वन्संचा फोटो, एवढंच ठेवलं. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागतो. यांनी स्वतः ठेवलं. वन्सं दिसल्या आणि पहिलं वाक्य, "कुठं मेला होतास रे?" मग त्या सुनेला म्हणाल्या, "चहा टाक गं. साखर जास्त घाल."

हे सगळं त्या मोठ्या टॅबवर लिहितेय. लेकाला वाटतं मी तो दुकानात परत दिला. पत्र पाठवायचं बटण कोपऱ्यात दिसतंय, पण तुमचा पत्ता कुणाला ठाऊक? लिहून झालं की वर मोर पांघरून ठेवणार आहे.

एक राहिलं. काल हे दोघं बोलायला बसले तेव्हा मला चटणी वाटायची होती. मिक्सरच्या बटणावर हात गेला आणि तसाच मागे घेतला. बाल्कनीतून तुमचा पाटा ओढून आणला, धुतला, आणि खाली बसून वाटली. तुमच्यासारखी बारीक काही झाली नाही. पण अक्का, सगळं ऐकू येत होतं.